विषय क्रमांक चार : मांजर आणणेबाबत

आमच्या घरातल्या उंदरानं सातबारा खाल्ला. पूर्ण नाही. नेमका चुलत्यांच्या हिश्श्याचा कोपरा खाल्ला आणि आमच्या वडिलांच्या नावापाशी येऊन थांबला. काकांनी तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला, मग मलाही तसंच पाहिलं.

"उंदीरच होता ना?"

"काका, सातबारा आता ऑनलाइन निघतो. दुसरा काढून देतो."

"तो निघेल रे. पण नगरच्या उंदराला एवढं वाचता येतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

खरं तर बाजरीचं पोतं फोडलं तेव्हाच आम्ही जागं व्हायला हवं होतं. पण बाजरी ही सगळ्यांची असते आणि सातबारा हा कुणाचा तरी असतो. कागद गेल्यावर मात्र उपाय सुरू झाले. पिंजरा आणला, त्यात भाकरीचा तुकडा लावला. सकाळी पिंजऱ्यात आमच्या कुत्र्याचं, टायगरचं, नाक. भाकरीऐवजी भजं लावलं, तर भजं गेलं आणि पिंजरा उघडाच. औषध ठेवायची सोय नाही, कारण घरात जे जे जमिनीवर असतं ते आधी टायगर चाखतो आणि मग त्यावर विचार करतो. शेवटी चिकट पॅड आणला. त्याला आधी आईची चप्पल चिकटली, मग टायगरची शेपटी, आणि पहाटे पाणी प्यायला उठलेला मी. खोबरेल तेल लावून मला जमिनीपासून सोडवताना मुलांना हसू आवरेना. बायको हसली नाही, कारण हात हलला असता तर फोटो बिघडला असता.

आता हा उंदीर येत होता सिंकखालच्या भोकातून. ते बुजवायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्याला 1595च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून खिंडार पाडलं, तेव्हा चांदबिबीनं ते एका रात्रीत बुजवून घेतलं, असं सांगतात. ही गोष्ट आमच्या घरी दर रविवारी निघते. मी म्हणतो, तिच्याकडे माणसं होती. बायको म्हणते, सिमेंट नव्हतं.

अशा वातावरणात मुलगी एका सकाळी म्हणाली, "बाबा, सरळ मांजर आणू या ना."

सरळ! आमच्या जिल्ह्यात सरळ काही आणता येत नाही. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि तेव्हापासून इथल्या हवेतच सहकार आहे. दोन माणसं जमली की संस्था होते, तिसरा आला की विरोधी पॅनेल. मांजराचा विषय सभेपुढे ठेवावा लागणार हे उघड होतं. आमची सभा रविवारी जेवणानंतर भरते. आई तहहयात अध्यक्ष, बायको सचिव, पोरं संचालक. मी साधा भागधारक. लाभांश कधी मिळालेला नाही.

सभेआधी विद्यमान सभासदांची ओळख करून देतो, कारण सगळा घोळ त्यांच्यामुळेच होता.

पहिला टायगर. गावठी, तांबूस, आवाजानं दमदार. कुरिअरवाल्यावर भुंकतो तो फाटक बंद असेपर्यंतच. फाटक उघडलं की माझ्या मागे उभा राहतो आणि माझ्या वतीनं भुंकतो.

दुसरे राजा आणि राणी. आईकडे पूर्वी मिठू नावाचा पोपट होता. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही, हे कळल्यावर आम्ही तो वनखात्याकडे सोपवायला गेलो. कार्यालयात मिठूनं माझ्या बायकोच्या आवाजात "अहोऽ, कचरा!" अशी हाक मारली. तिथला कर्मचारी हातातली फाईल टाकून उठला. बहुधा त्याच्याकडेही तोच आवाज असावा. मिठू गेल्यावर पिंजरा रिकामा राहिला, म्हणून ऑस्ट्रेलियाकडचे हे लव्हबर्ड आले. जोडपं म्हणून विकले गेले. पुढे कळलं, चोचीवरचा भाग दोघांचाही निळा आहे, म्हणजे दोघेही नर. आईनं तरीही राणीचं नाव बदललं नाही. म्हणाली, "त्यांचं त्यांना माहीत."

तिसरा मासा. वास्तुवाल्यानं सांगितलं म्हणून ईशान्येला ठेवलेला. त्याला आम्ही 'साहेब' म्हणतो. दिवसभर काचेआडून सगळ्यांकडे बघतो, तोंड उघडतो, मिटतो, सही कशावरच करत नाही.

तर सभा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले. विषय एक ते तीन (गॅस, शिकवणी, माझं घोरणं) पुढे ढकलले. विषय चार: मांजर आणणे. सूचक मुलगी, अनुमोदक मुलगा. मी हरकत नोंदवली की मला मांजराची अॅलर्जी आहे.

"कधीपासून?" बायकोनं विचारलं.

"लहानपणापासून." आणि मी शिंकलो. बायकोनं मोबाईलवर मांजराचा फोटो दाखवला. पुन्हा शिंकलो. मग तिनं अंगठा बाजूला केला, तर तो फोटो शेजारच्या आजोबांच्या वाढदिवसाचा होता. ती हरकत फेटाळण्यात आली.

मग मी इतिहासाकडे वळलो. म्हटलं, राजा-राणीचा विचार करा. याच आपल्या किल्ल्यात 1942 साली मौलाना आझाद कैदेत होते. खोलीत चिमण्यांनी उच्छाद मांडला होता. आधी त्यांनी लढाई केली, मग हार पत्करली, दाणे टाकले, चिमण्यांना नावं ठेवली आणि 'गुबार-ए-खातिर'मध्ये त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. एवढ्या मोठ्या माणसानं पक्ष्यांशी तह केला, आणि आपण पक्ष्यांच्या घरात मांजर सोडणार?

"त्यांना बाहेर जायला बंदी होती," बायको म्हणाली. "तुम्हाला कुणी अडवलंय? चिमण्यांवर ग्रंथ लिहिला त्यांनी. तुम्ही पिंजऱ्यातला कागद तरी बदला."

अध्यक्षांनी यावर साईसच्चरित्र काढलं. आईपुढे शिर्डीचा दाखला आला की चर्चा संपते, आणि आमच्याकडून शिर्डी आहेही जवळ. नववा अध्याय: तर्खडबाईंनी भुकेल्या कुत्र्याला भाकरी घातली आणि बाबा म्हणाले की माझंच पोट भरलं. "त्यात मांजराचंही नाव आहे," आई म्हणाली. "तू वाचलंयस का?" मी वाचलं नव्हतं. टायगरनं मात्र 'भाकरी' हा शब्द ऐकून आईच्या पायाशी बैठक मारली आणि तो ठरावाच्या बाजूनं धरला गेला.

एवढ्यात नावाचा विषय निघाला. मांजराचा पत्ता नव्हता, पण नावाशिवाय पुढे जायला कुणी तयार नव्हतं. मुलगी 'मोमो'वर अडली, मुलगा 'थॅनॉस'वर. आई म्हणाली, "काहीही ठेवा, मी मनीच म्हणणार." ते खरंच होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसल्यावर तोंडातून "एक नगर द्या"च जातं. मांजराच्या बाबतीत तर कंडक्टरही नसतो.

मग सचिवांनी आपला मसुदा वाचला. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या आमच्या जिल्ह्यातल्या दोन गावांनी जी पंचसूत्री पाळली, तीच बायकोनं मांजरासाठी काढली होती. नसबंदी: जशीच्या तशी. चराईबंदी: ओट्यावर आणि डायनिंग टेबलवर चरायला मनाई. कुऱ्हाडबंदी: सोफ्यावर नखं चालवायची नाहीत. नशाबंदी: दुधाची सवय लावायची नाही. इथपर्यंत टाळ्या पडल्या. पाचवं सूत्र श्रमदान, म्हणजे मांजराची शी-शूची पाटी रोज कोण साफ करणार.

सभा शांत झाली. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. मुलाला अभ्यास आठवला. मुलगी म्हणाली, मांजरं खूप स्वच्छ असतात. आई म्हणाली, आमच्या वेळी पाट्याबिट्या नव्हत्या, बाहेर माती होती. आमच्या सावेडीत आता माती राहिली नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं. विषय तज्ज्ञांकडे सोपवण्याचं ठरलं. निर्णय नको असला की तज्ज्ञ शोधायचे, ही पद्धत आम्ही मोठ्या संस्थांकडून शिकलो.

जनावरांचे डॉक्टर सज्जन होते. आमची सगळी फौज बघून त्यांनी खुर्च्या मागवल्या.

"उंदरासाठी मांजर आणताय? प्रत्येक मांजर उंदीर मारतंच असं नाही बरं का. आईकडून शिकलेलं असेल तर मारतं. काही नुसती बघतात."

"तसा एक आहे आमच्याकडे," बायको म्हणाली.

मी भिंतीवरचा म्हशीच्या आजारांचा तक्ता वाचायला घेतला. डॉक्टरांनी मात्र पुष्कळ कामाचं सांगितलं. पिल्लू किमान दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही. रेबीजची लस, जंताचं औषध. मोठ्या मांजराला गायीचं दूध बहुधा पचत नाही. चित्रातली वाटी चित्रातच ठेवायची. कुत्र्याच्या खाण्यावर मांजराला जगवता येत नाही, त्याला लागतं ते त्यात पुरेसं नसतं. माणसाची तापाची पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही द्यायची नाही, विष आहे ते. पक्ष्यांचा पिंजरा उंच आणि वेगळ्या खोलीत हवा, कारण मांजरानं नुसतं समोर बसून टक लावली तरी पाखरं धसका घेतात. माशाच्या टाकीला झाकण.

"आणि कुत्रं?"

"कुत्र्याची आणि त्याची लगेच भेट घालायची नाही. पहिले काही दिवस मांजर एका बंद खोलीत. याच्या अंगाखालचं कापड त्याला हुंगायला द्यायचं, त्याचं याला. वासाची ओळख पटली की दाराच्या फटीतून दर्शन. मग हळूहळू समोरासमोर."

ऐकून आम्ही गप्प झालो. आमच्या लग्नात एवढी काळजी कुणी घेतली नव्हती. मला एकदम चहा-पोह्यांना नेलं होतं.

परतताना रिक्षात प्रश्न आला, बंद खोली कोणती? आमच्या घरात दार लागेल अशी एकच खोली, मुलाची. सभेत सगळ्यांत मोठ्यानं "मांजर आलंच पाहिजे" म्हणणारा तोच होता. सक्कर चौक येईपर्यंत त्याचं मतपरिवर्तन झालं. "तत्त्व म्हणून माझा पाठिंबा आहेच," तो म्हणाला, "पण मांजराला मोकळी हवा नको का?" हा मुलगा पुढे राजकारणात नाव काढेल.

डॉक्टरांचं ऐकून गप्प बसणारे आम्ही नव्हे. समोरच्या काकूंचा बोका एका संध्याकाळपुरता उसना आणला, प्रायोगिक तत्त्वावर. काकूंनी तो पिशवीतून दिला आणि "भाजीची पिशवी आहे, परत द्या" एवढंच सांगितलं. पिशवी उघडली. बोका बाहेर आला, अंग ताणलं, घर बघितलं. टायगर अशा वेगानं उडाला की तो वॉशिंग मशीनवर कसा चढला हे अजून त्यालाही सांगता येणार नाही. तिथून तो माझ्याकडे बघून भुंकला. राजा-राणीनं ओरडून गल्ली गोळा केली. साहेब शोभेच्या किल्ल्याआड गेले. एवढी हालचाल त्यांनी प्रथमच केली. मुलगी "मोमो, मोमो" करत सोफ्याखाली अर्धी गेली, मुलगा सुरक्षित अंतरावरून चित्रीकरण करत होता, आणि आई भाकरी घेऊन नवव्या अध्यायाच्या तयारीत उभी होती. याच गडबडीत सिंकखालून उंदीर आला. त्यानं बोक्याकडे पाहिलं, बोक्यानं उंदराकडे पाहिलं. दोघांनाही जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं असावं. उंदीर आला तसा गेला, बोका पंजा चाटत बसला.

मी एकटा भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलो होतो, शिंक तयार ठेवून. बोका सगळ्यांच्या हाका ओलांडून आला आणि माझ्या मांडीवर चढला. डोळ्यांत रोखून बघणं मांजराला धमकीसारखं वाटतं, म्हणून जो त्याच्याकडे बघत नाही त्याच्याकडे ते जातं, असं डॉक्टरांनी पुढे सांगितलं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, निदान एका प्राण्याला तरी घरातला कर्ता कोण हे कळलं. अंगातून बारीक घरघर येत होती. बराच वेळ आम्ही तसे बसलो.

"शिंका नाहीत वाटतं आज?" बायकोनं विचारलं.

मी ताबडतोब शिंकलो. बोका उडाला तो पडद्यावर, पडदा दांडीसकट खाली, दांडी टायगरवर, टायगर मशीनवरून माझ्यावर. भाजीची पिशवी परत करताना काकूंनी बोक्याचं अंग चाचपून बघितलं आणि "काय केलंत हो त्याला?" असं विचारलं. माझ्या गालावरच्या ओरखड्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

तरीही ठराव मंजूर झाला. बिनविरोध. माझ्या हरकतीची नोंद 'सभासद अनुपस्थित' अशी झाली, कारण मतदानाच्या वेळी मी पडदा बसवत होतो. श्रमदानापुढे "अंमलबजावणी योग्य वेळी" असं लिहिलं होतं. ज्या ठरावात 'योग्य वेळी' येतं त्याला आमच्या जिल्ह्यात कुणी घाबरत नाही.

आता मांजर आणायचं कुठून, यावर चर्चा नव्हतीच. माझी आत्या शनिशिंगणापूरला असते. तिच्याकडे मांजरांना तोटा नाही. घरांना दारं नसलेलं हे गाव तुम्हाला माहीतच असेल. शनिदेवाच्या राज्यात चोरी होत नाही अशी श्रद्धा, म्हणून चौकट असते, कवाड नसतं. 2011 साली तर तिथं युको बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली. रात्री कुत्री-मांजरं आत येऊ नयेत म्हणून चौकटीला फळी टेकवून ठेवतात, एवढाच काय तो बंदोबस्त. लहानपणी मी आत्याला विचारलं होतं, चोराला शनिदेव शिक्षा करतात, मग दूध चोरणाऱ्या मांजराला का नाही? आत्या म्हणाली होती, "आरं, चोरी परक्याच्या घरात असती. मांजर स्वतःच्याच घरात फिरतंय. आपण तिथं ऱ्हातो."

आम्ही सगळे गाडी करून गेलो. नवी टोपली, तिच्यात मऊ कापड, मुलीनं रंगवलेली 'मोमो' अशी पाटी, तिच्यावर आईनं पेन्सिलीनं लिहिलेलं 'मनी'. ओसरीवर मांजरीशेजारी चार पिल्लं लोळत होती. आत्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "पिल्लू न्हाई मिळायचं."

"म्हणजे?"

"चारी नोंदवलेली हायेत. एक सोसायटीच्या चेअरमनला, एक मास्तरला, एक पोल्ट्रीवाल्याला. चौथं मी ठेवणार. माझा बोका बिबट्यानं नेला उसातून." तिनं कॅलेंडरची मागची बाजू दाखवली. खरंच यादी होती, पुढच्या वेताचीसुद्धा. ऊसतोडीला नोंद लागते तशी इथं मांजराला लागत होती, आणि आम्हाला वाटत होतं की आपण मांजरावर उपकार करायला निघालोय. इतके दिवस आम्ही मांजर आणावं की नाही हे ठरवत होतो. मांजर आमच्याकडे यावं की नाही हे कुणी ठरवणार आहे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हताच.

"आत्या, घरचं माणूस म्हणून तरी..."

"इथं दाराला कुलूप न्हाई," आत्या म्हणाली, "यादीला हाय."

मला मांजर नको होतं, हे वाचकांच्या लक्षात असेल. पण नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. घरी येताच मी फोन सुरू केले. चेअरमनच्या साडूची आणि माझ्या मामेभावाची ओळख निघाली. मास्तरांच्या बदलीची काही शक्यता आहे का, याची चौकशी केली. पोल्ट्रीवाल्याला मांजर पाळण्याचे धोके समजावून सांगितले, तर त्यानं मलाच अंडी विकली. आत्याला दिवाळीच्या आधीच साडी पाठवली. ती साडी बायकोला आवडलेल्या रंगाची होती, हे बायकोला कळलं तेव्हा मांजराचा विषय काही काळ तहकूब राहिला.

अखेर आत्याचा निरोप आला: मास्तर बदलून गेले, एक पिल्लू मोकळं आहे, पण आधी तुमचं कुत्रं दाखवायला आणा. टायगरला आंघोळ घातली, पट्टा नवा घेतला. वाटेत वांबोरी फाट्याजवळ त्याला गाडी लागली आणि नवा पट्टा धुवावा लागला. आत्यानं त्याला ओसरीवर उभं केलं आणि मांजरीला हाक मारली. मांजरीनं सावकाश येऊन टायगरच्या नाकावर एक ठेवून दिली. टायगर आडवा झाला, पोट वर, चारी पाय आकाशात.

"कुत्रं गुणी हाय," आत्या म्हणाली. तिनं यादीत काहीतरी लिहिलं. मग बायकोला, आईला, मुलांना एकेक करून बघितलं. "सगळं बरंय. आता एकच सांगा. पाटी कोण साफ करणार?"

आई बायकोकडे बघू लागली, बायको मुलांकडे, मुलं टायगरकडे, आणि मग सगळे मिळून माझ्याकडे. आत्याच्या जुन्या घराची एक सोय मला त्याच क्षणी पटली. तिथून हळूच सटकताना दार वाजत नाही.